तिसरा सांधा

सत्तावीस वर्षं मी पत्र्याचे डक्ट जोडले.
मॉलच्या, बँकांच्या, दाताच्या एका दवाखान्याच्या
खोट्या छतात उताणा पडून
लोकांच्या गार हवेला वाट करून दिली.
आता स्वतःच्या शेडमधल्या भुशासाठी
चार इंची होज निवडायचा,
तर दोन शुक्रवार गेले.

अजमानला, मुवैहातच्या या भाड्याच्या घरामागे
गाडीच्या जागी करवत उभी असते.
बाबली चारीची.
सनायातल्या फर्निचरच्या गाळ्यात एकोणीस वर्षं
तो नाकाला ओलं फडकं बांधून एमडीएफ कापायचा.
कुडाळला परत निघाला तेव्हा म्हणाला,
पैशे मागीर दी, भुसो आदी धर.
दिसतो तो भुसा पायाशी पडतो,
केरसुणीचं ऐकतो.
न दिसणाऱ्याबद्दल तो काही बोलला नाही,
नुसता खोकला.

मोईदूच्या दुकानात तीन होज टांगलेले.
एक पारदर्शक, आत तारेचं वेटोळं,
एक काळा, टायरचा वास मारणारा,
एक राखाडी, सगळ्यात स्वस्त, आतून वळ्याच वळ्या.
मी कोपरापर्यंत हात घातला.
बोटं अडतात तिथे हवाही अडते,
हे मला कुणी शिकवायला नको.
मोईदू म्हणाला, सगळीकडे हाच टाका,
कापायला नको, जोडायला नको, हवा तसा वळतो.
हवं तसं वळणाऱ्यांबरोबर मी खूप कामं केलीत, मोईदू.
सव्वा मीटर दे. पारदर्शक.
करवतीच्या तोंडाशी, जिथे थोडं हलावं लागतं, तेवढाच.

बाकी सगळा रस्ता कडक, गुळगुळीत:
सांडपाण्याचा नारिंगी पीव्हीसी,
काटकोन एकही नाही,
वळायचं तिथे पंचेचाळीसचे दोन,
फाटा फुटतो तिथे टी नाही, वाय.
हवेला दचकवायचं नसतं.
शिवाय पीव्हीसीच्या अंगात वीज चढते,
म्हणून बाहेरून तांब्याची उघडी तार गुंडाळली
आणि ती मशीनच्या लोखंडाला टेकवली.

त्या दिवशी शमाल सुटला होता.
कुंदा दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबत म्हणाली,
अख्खं वाळवंट घरात शिरतंय
आणि तू चमचाभर भुशासाठी पाइप जोडतोयस?
मला उत्तर सुचलं नाही.
वाळू काही मी केलेली नाही,
असं रात्री सुचलं, तेव्हा ती झोपली होती.

सकाळी मशीन चालू केली.
गेट उघडलं, फळी सारली,
पारदर्शक होजमधून पिवळा धूर धावत गेला.
पण ओढ कमी वाटली.
बाबलीला फोन लावला.
तो म्हणाला, बोलू नको, नुसतो चाल.
मी फोन पाइपलगत धरून चाललो,
करवतीपासून भिंतीपर्यंत, भिंतीवरून वर,
शिडीवर चढून तुळईच्या कडेकडेने.
थांब.
पाठी ये.
हय. तिसरो जोड. वारो पिता हा.

कान लावला तरी मला काही ऐकू येत नव्हतं.
सिगारेटचा कागद धरला, तो चिकटला.
सांध्यावर अॅल्युमिनियमची टेप दोनदा फिरवली,
अंगठ्याने दाबली,
इतक्या वर्षांच्या सवयीने टोक आत दुमडलं.
मग मशीन बंद केली.
पंखा हळूहळू थांबला,
पिशवी खाली बसली,
शेडमध्ये एकदम सामसूम.
फोनमधली बारीक शीळ मात्र
चालूच होती.
आत, बाहेर. आत, बाहेर.

मी गप्प राहिलो, तोही.
मग त्यानेच विचारलं,
केवढ्याक गावलो रे होज?
मी निम्मी किंमत सांगितली.
महाग, तो म्हणाला.